दुपारची भाडेकरू

“भाडेकरू कुठल्या खोलीत राहणार?” हवालदारानं विचारलं.

“बाहेरच्या. पण ती भाडेकरू नाही. आमचं बाळ सांभाळायला येणार आहे. दुपारपुरती.”

“ते कळलं ओ. पण बाळ सांभाळणारीचा फॉर्म आमच्याकडं नाही. भाडेकरूचा आहे. पाहिजे तर तो भरा, शिक्का मारून देतो.”

चौकीच्या बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर चंदना, माझी मुलगी, त्यांच्या घड्याळाचा पट्टा चघळत. निंगव्वा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात सुताचे पांढरे तंतू होते. सकाळच्या कामावरून ती थेट इकडे आली होती.

“शिक्का गोल असतो ना?” सासूबाईंनी विचारलं.

“गोलच की, आज्जी.”

“मग भाडेकरू तर भाडेकरू. लिहा, भरतेश.”

मी लिहीत गेलो. नाव, निंगव्वा हडपद. मूळ गाव सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. सोबतचं सामान?

“डबा,” निंगव्वा म्हणाली. “घेऊन येणार, घेऊन जाणार.”

“वास्तव्याचा काळ?” हवालदारानं पुढची ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. 

“दुपार.”

“नुसतं दुपार?”

“एक ते पाच.”

“दुपार लिहा,” तो म्हणाला. “इतकी वर्षं झाली नोकरीला, दुपार भाड्यानं दिलेली बघितली नव्हती.” आणि त्यानं खरोखरच गोल शिक्का मारला. सासूबाईंनी त्यावर फुंकर घातली, कागद घडी न घालता पदराखाली धरला आणि आम्ही उन्हात बाहेर पडलो.

*

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. इचलकरंजीत तेव्हा यंत्रमागांचा आवाज दिवसभर असे. भिंतीतून, जिन्यातून, उशीतून. खटक खटक खटक खटक. बाहेरून आलेल्या पाहुण्याचं डोकं दुखायचं. आमच्या पोरांना तो आवाज अंगाईसारखा. वीज जाऊन माग थांबले, की गावभरची तान्ही पोरं दचकून उठत.

त्रिशला, माझी बायको, चंदनाच्या जन्मानंतर तापानं गेली. नंतर माझी आई आली, ती पाय मोडून परत गेली. मग माझी बहीण राहिली, तिच्या मुलांची शाळा सुरू झाली. शेवटी निपाणीहून सासूबाई आल्या, आणि येताना रिकामी बॅग घेऊन आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी ती बॅग पलंगावर ठेवून उघडली. झबली, दुपटी, वाळे, गुटीची बाटली आत जाऊ लागली.

“तुम्ही कामावर जाणार. मुलगी कुणाकडं राहणार?” त्या म्हणाल्या. “मी हिला निपाणीला नेते. तुम्ही रविवारी येत जा.”

“मी बाई ठेवतो, आई.”

“कसली बाई? कुठली? कागद काय तिचा?”

सासूबाईंची सगळी नोकरी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर गेली होती. समोर बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या कागदाकडे आधी बघायची सवय त्यांच्या मानेतच होती. त्यांनी अट घातली. पोलिसांचा कागद, डॉक्टरांचा दाखला आणि मुद्रांकावर करार. रविवारपर्यंत तिन्ही झाले तर चंदना इथं राहील. नाही झाले तर रविवारी दुपारच्या गाडीनं ती निपाणीला.

मी ‘बरं’ म्हणालो. चंदना गेली असती तर घरात मी आणि त्रिशलाच्या चपला, एवढेच उरलो असतो. पण सासूबाईंसमोर हे बोलायला मला तोंड नव्हतं. त्यांची तर मुलगीच गेली होती.

दिवसभर त्या चंदनाकडे बघत बसायच्या. ती झोपली तरी बघत बसायच्या. त्यांच्या डोळ्यांखालची कातडी पिकलेल्या केळाच्या सालीसारखी झाली होती. मला वाटायचं, किती काळजी करतात.

*

कलम एक. सांभाळणारीने वेळेवर यावे.

कलम दोन. सांभाळणारीने हात धुऊनच मुलीला घ्यावे.

कलम तीन. जाताना मुलीचा ताबा घरातील जबाबदार माणसाकडे हातोहात द्यावा. खाटेवर, पाळण्यात किंवा शेजारी ठेवून जाऊ नये.

सासूबाई सांगत होत्या, मी कच्च्या कागदावर लिहीत होतो, निंगव्वा फरशीवर बसून ऐकत होती. चंदना तिच्या पायावर आडवी पडून तिची बोटं मोजल्यासारखी एकेक ओढत होती.

“हातोहात म्हंजे?” निंगव्वानं विचारलं.

“म्हणजे तुझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात. मध्ये फरशी नाही, गादी नाही.”

“बरोबर हाय, अक्का. असंच पाहिजे.”

कलम चार. कामाच्या वेळेत सांभाळणारीने झोपू नये.

“हे खोडा,” निंगव्वा म्हणाली.

माझा हात थांबला. सासूबाईंनी चष्मा खाली केला.

“का गं?”

“मी निजतो.” आमच्या भागात बायकाही ‘मी जातो, मी निजतो’ असंच म्हणतात. “पहाटेपासून कांड्या भरतो कारखान्यात. दुपारी पोराला घेऊन निजतो. मी निजल्याबिगर पोर निजत न्हाई. आधी एका बंगल्यात होतो. तिथं बाईनं माझा निजलेला फोटो काढला, चार माणसांत दाखवला आणि काढून टाकलं. म्हणून आधीच सांगतो. निजणार.”

“आणि मूल उठून गेलं गॅलरीत, तर?”

निंगव्वानं कनवटीची, सुतानं भरलेली छोटी कांडी काढली. सुताचं एक टोक चंदनाच्या पायातल्या वाळ्याला सैलसर बांधलं, दुसरं स्वतःच्या करंगळीला गुंडाळलं. “कांड्या भरताना धागा तुटला तर बघावं लागत न्हाई, बोटाला कळतंय. तसंच हे. पोर हललं की मी उठतो.”

“झोपायचे पैसे घेणार तू?”

“निजवायचे घेणार, अक्का. निजण्याचे सोडा.”

मला हसू आलं. सासूबाईंना नाही आलं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चौथं कलम पुन्हा वाचलं, आणि खोडलं नाही.

“उद्या शनिवार,” त्या म्हणाल्या. “उद्या एक दुपार करून दाखव. मी समोर खुर्ची टाकून बसते. तू झोप. मी बघते, मुलगी हलल्यावर तू उठतेस की नाही. नाही उठलीस तर करार नाही. भरतेश, तुम्ही घरी थांबायचं नाही. तुम्ही मध्ये बोलाल.”

निंगव्वा गेल्यावर सासूबाईंनी बॅगेची चेन लावली. उन्हं उतरायच्या आत त्यांनी भाकरी खाल्ली. सूर्य बुडाल्यावर त्या पाण्याखेरीज काही घेत नसत. लग्नापासूनचा त्यांचा नेम होता, आणि त्रिशलाला नेलं त्या दिवशीही तो मोडला नव्हता.

*

माझी दुपार

मी कारखान्यात कापड तपासायचो. एक मोठं काचेचं टेबल, खालून दिवे. वरून पांढरं कोरं कापड सरकत जातं आणि आपण त्यात तुटका धागा, तेलाचा डाग, गाठ शोधायची. दिसली की खडूनं खूण करायची. बाकी दिवसभर पांढरं.

त्या शनिवारी मला डाग दिसेनात. कापड येत होतं, जात होतं. खटक खटक. काचेखालचा उजेड वर येऊन डोळ्यांत साचत होता. घरी आत्ता निंगव्वानं चटई टाकली असेल. आत्ता धागा बांधला असेल. कापडावर मला एक पाऊल दिसलं, बाळाचं, आणि मी खडू उचलेपर्यंत ते पुढं सरकून गेलं. मग एक चटई सरकत आली, तिच्यावर कोणी तरी कुशीवर निजलेलं. मग त्रिशलाचा दंड, बांगड्यांसकट. मी खूण केली नाही. तपासनिसानं डाग सोडून दिला तर कापडाचा अख्खा गठ्ठा परत येतो, हे माहीत असून केली नाही. कापड येऊ दिलं, जाऊ दिलं. खटक खटक खटक खट

दिवे गेले.

टेबल काळं झालं. एकामागून एक माग थांबले. आधी आमचे, मग शेजारच्या कारखान्याचे, मग ओढ्यापलीकडचे. गाव एवढं गप्प झालं की दूर कुणी तरी बादली ठेवली तीसुद्धा ऐकू आली. आणि त्यापाठोपाठ सगळीकडून पोरं रडायला लागली. गल्लीगल्लीतून, माडीमाडीवरून.

चंदना उठली असणार.

मी खडू खिशात टाकून निघालो. रस्त्यावर लोक दारात येऊन उभे होते, वीज गेली की उभे राहतात तसे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. ऊन भिंतींच्या वरच्या कडेला गेलं होतं. कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. माझ्या चपलांचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

पिंपळाच्या पाराजवळ समोरून निंगव्वा आली. हातात डबा.

“सुटलीस?”

“पाच वाजले की, अण्णा.”

“चंदना?”

“दिली. हातोहात.”

“आईंच्याकडं?”

“त्यांच्याकडंच.”

“काय म्हणाल्या आई?”

“काय बोलल्या न्हाईत.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना बोलायला जागा मिळाली नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी शेंगदाण्याची पुडी घेतली, पारावर बसून रमतगमत खाल्ली आणि तासभर तिथंच रेंगाळलो. घराच्या जिन्याशी पोचलो तेव्हा सूर्य गेला होता.

वर आलो. दार नुसतं ओढून घेतलेलं. आत दिवा नाही, वीज नव्हतीच, पण देवापुढची समईसुद्धा नाही. खुर्ची रिकामी.

सासूबाई चटईवर होत्या. नुकत्याच उठून बसल्यासारख्या, केस सुटलेले, गालावर चटईच्या रेघा. त्यांच्यासमोर चंदना बसली होती आणि आपला वाळ्याचा पाय जोरात झटकत होती. प्रत्येक झटक्याला सासूबाईंची करंगळी हलत होती. ती हलली की चंदना हसत होती.

धागा सासूबाईंच्या बोटाला होता.

*

“भरतेश,” त्या म्हणाल्या, “सूर्य गेला का?”

“गेला, आई.”

“मी जेवले नाही.”

मी दारातच उभा राहिलो. पलंगावरची बॅग अंधारातही दिसत होती. संपलं, असं मला वाटलं. निंगव्वानं झोपलेल्या बाईच्या बोटाला मूल बांधून दिलं आणि ती निघून गेली. आई उपाशी राहिल्या. उद्या दुपारची गाडी.

“ती कधी गेली?”

“पाचला.”

“मला न सांगता?”

“तुम्ही झोपला होता.”

“मग हा ताबा कसा झाला? कलम तीन काय सांगतं?”

“हातोहात,” मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही.

त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं गाठ सोडवायला लागल्या. गाठ बारीक होती, निंगव्वाच्या कामातली. सुटेना. मी पुढं झालो.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या.

चंदनानं पाय झटकला. करंगळी हलली.

“बसा,” त्या म्हणाल्या. मी चटईच्या कडेला बसलो. बाहेर अजून माग सुरू झाले नव्हते.

*

आईंची दुपार

(त्यांनी सांगितली तशी. मध्ये मध्ये थांबून, चंदनाकडे बघत.)

“मी खुर्चीत ताठ बसले होते. ती आडवी झाली आणि विझलीच. मुलगीही तशीच. मी म्हटलं, आता बघू. कागद हातात होता. मागांचा आवाज येत होता. माझ्याकडं निपाणीला सगळं शांत असतं हो, भरतेश. तिथं रात्र झाली की मला घड्याळ ऐकू येतं.

“मग मान पडायला लागली. मी म्हटलं, खुर्चीवरून पडेन, जरा खाली बसू. खाली बसले. मग म्हटलं, पाठ टेकू. निंगव्वा झोपेतच सरकली आणि मला जागा दिली.

“मग त्रिशला दिसली. माडीवर गहू निवडत होती. मी विचारलं, दार लावलंस का? ती म्हणाली, लावलंय की. मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, आई, लावलंय. बस्स, एवढंच. ती चिडल्यावर बोलायची तशी बोलली.”

मी चंदनाच्या पायातला वाळा सरळ केला.

“ती गेल्यापासून मी झोपलेलीच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “गोळ्या घेतल्या. पायांना तेल लावून घेतलं. डोळे मिटले की ती विचारते, आई, दार लावलंस का? आणि मी उठून बघते. आज मी विचारलं. मला वाटलं होतं, ही पोर जवळ असली की झोप येईल. म्हणून न्यायला आले होते. इतके दिवस तुमच्याकडं कागद मागत बसले. तुम्हाला कळलं नसणार.”

“नाही कळलं, आई.”

“कसं कळेल? मीच सांगितलं नाही.”

“भाकरी गरम करू?” मी मूर्खासारखं विचारलं.

“सूर्य गेलाय,” त्या म्हणाल्या. पण रागानं नाही. मग चंदनाला उचलून घेतलं, धाग्यासकट.

*

रविवारी निंगव्वा आली तेव्हा मुद्रांकाचा कागद टेबलावर होता, त्याखाली चौकीचा कागद आणि डॉक्टरांचा दाखला. पलंगावर बॅगही होती, चेन लावलेली. निंगव्वानं दोन्हीकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवलाच नाही.

“बस,” सासूबाई म्हणाल्या. “काल मला उठवलं का नाहीस?”

निंगव्वाची दुपार

“एक हाक मारली, अक्का. तुम्ही हूं म्हणाला आणि कूस वळला. हात पोराच्या अंगावर टाकला. माझ्या घरी पोरं शाळेतनं येतात, मला जायला पाहिजे. म्हटलं आता काय करावं. दुसरी हाक तोंडात आली होती. पण तुमची निज बघितली. तापातनं उठलेलं माणूस निजतंय तशी. ती मोडायची म्हंजे... न्हाई झालं माझ्याच्यानं. मग कलम आठवलं. मधे फरशी न्हाई, गादी न्हाई. माझ्या बोटातला धागा काढला, तुमच्या बोटात घातला. दोनदा ओढून बघितला. दोन्ही वेळेला तुमचं बोट हललं, निजेतच. मग गेलो. चुकलं असंल तर सांगा, डबा हातातच हाय.”

चंदना रांगत येऊन तिच्या डब्याला लटकली.

सासूबाईंनी खूप वेळ घेतला. कर्जाच्या टेबलावर बसणारी माणसं घेतात तेवढा.

“भरतेश, लिहा,” त्या म्हणाल्या. “कलम चार. सांभाळणारीने दुपारी मुलीसोबत झोपावे.”

“‘झोपण्यास हरकत नाही’ लिहू?”

“सवलत नाही ती. काम आहे. झोपावे.”

मी लिहिलं, चांगल्या कागदावर, शाईनं. निंगव्वानं डबा खाली ठेवला.

“कलम पाच. सुट्टी?”

“अमावास्येला आमच्यात कामाला जात न्हाईत,” निंगव्वा म्हणाली. “गावाकडं जातो. बाकी रोज.”

“अमावास्येला सुट्टी,” मी लिहिलं. मग पेन थांबलं. “पण मला त्या दिवशी रजा मिळत नाही. बदली कोण?”

मागांचा आवाज खिडकीतून येत राहिला. सासूबाईंनी चष्मा पुसला, लावला, परत काढला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “अमावास्येच्या दिवशी बदली. श्रीमती पद्मावती बाबगोंडा चौगुले. मुक्काम निपाणी.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“शुद्धलेखन नीट करा. बाबगोंडा.”

“आई, म्हणजे चंदना...”

“चंदनाला इथल्या आवाजात झोपायची सवय आहे. तिथं नेऊन मी तिलाही जागं ठेवू का?” त्या बॅगेकडे न बघता म्हणाल्या. “गाडी चारची आहे. एकटं माणूस, उभं राहूनही जाईल.”

निंगव्वा मध्येच बोलली, “अक्का, पण बदलीला एक सांगायला पाहिजे. खुर्ची टाकून बघत बसायचं न्हाई. तसं केलं तर ही निजत न्हाई, मग दुसऱ्या दिवशी मला तरास.”

“मला शिकवतेस?”

“तुमचंच कलम हाय की.”

“तर मग ते मलाही लागू,” सासूबाई म्हणाल्या. 

निंगव्वानं कानडीत सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. मी केली. मग सासूबाईंनी कागद स्वतःकडे वळवला. मला वाटलं, साक्षीदार म्हणून करतील. त्यांनी निंगव्वाच्या सहीखाली, सांभाळणारीच्या रकान्यात, पूर्ण नाव लिहिलं.

शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो. चंदनाचे डोळे जड झाले होते. निंगव्वानं चटई ओढली.

“अमावास्या कधी गं येतेय?” सासूबाईंनी विचारलं.

निंगव्वानं बोटांवर मोजलं. “बुधवारी.”

सासूबाईंनी मान हलवली. उठल्या, पदर खोचला, बॅग उघडून झबली एकेक परत कपाटात ठेवू लागल्या. शेवटचं दुपटं हातात घेऊन थांबल्या.

“बुधवार लांब आहे,” त्या म्हणाल्या.